वांग्याच्या गाडीवरची बदकं

डेपोत त्याला सगळे सावकाश म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याला माणसांची पारख होती. शहरातली बस हा माणूस अशी चालवायचा की उभ्या प्रवाशाच्या हातातला चहासुद्धा सांडू नये. घाईतले लोक चुकून त्याच्या गाडीत चढले की कपाळाला हात लावत. म्हातारी माणसं मात्र आधीची रिकामी गाडी सोडून देत आणि याच्या गाडीची वाट बघत थांबत. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीवर साधा ओरखडा उठला नव्हता. ही गोष्ट तो आपणहून कुणाला सांगत नसे, पण दुसरं कुणी सांगत असेल तर त्याला मध्येच अडवतही नसे.

असा हा सावकाश पहिली पाळी संपवून घरी यायचा, दाराजवळच्या स्टुलावर बसून एक बूट काढायचा आणि दुसरा काढायचा विसरून जायचा. झोपायचा नाही, काही वाचायचा नाही, नुसता समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. संध्याकाळी बहीण कामावरून यायची तेव्हा तो पुष्कळदा तसाच, एका पायात बूट घालून बसलेला असायचा.

"दादा, दुसरा बूट उद्यासाठी ठेवलास का?" ती विचारायची.

"उद्या परत घालायचाच आहे," तो म्हणायचा. "काढून करायचं काय?"

बहिणीला तो बारकी म्हणायचा. लहानपणी ती काडीसारखी होती म्हणून पडलेलं नाव. आता केस पिकायला लागले, कंबर धरली, जिने चढताना कठड्याला हात लागायला लागला, तरी नाव काही मोठं झालं नाही. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती कामाला होती. धुतलेल्या ओल्या चादरी तापलेल्या रुळांमधून पलीकडे यायच्या, त्या ओढून घ्यायच्या, समोरच्या बाईबरोबर झटकून घडी घालायची, की पुढची चादर तयार. दिवसभर उभं राहायचं आणि दिवसभर वाफ. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने-नवे डाग. घरातल्या चादरीला मात्र ती हात लावायची नाही. "बिछाना कसाही असू दे, मला घडी दिसली की मळमळतं," असं तिने स्वच्छ सांगून टाकलं होतं, त्यामुळे घरातल्या चादरी कायम गोळा होऊन पडलेल्या असत.

लग्न मोडून ती एका दुपारी बॅग घेऊन आली तेव्हा त्याने एक शब्द विचारला नव्हता. कपाटातला मधला कप्पा रिकामा करून दिला आणि कामावर निघून गेला, बस. त्याचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं होतं. पुढच्या वर्षी बघू, पुढच्या वर्षी बघू, असं करता करता लोकांनी विचारणंच सोडून दिलं. तेव्हापासून हे दोघं त्या दोन खोल्यांत राहत होते. दमलेली दोन माणसं एका घरात राहिली की बोलणं कमी होतं आणि सुस्कारे वाढतात. त्या घराचंही तेच झालं असतं, पण एक खेळ आला आणि सगळं बदललं.

खेळ आला तो वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या कृपेने. घर सोडताना त्याला आपला जुना कॉम्प्युटर नेणं जिवावर आलं, म्हणून तो यांच्या गळ्यात मारून गेला. त्यावर दुसरं काही धड चालत नव्हतं. चालायची ती फक्त गाड्यांची शर्यत. त्यातल्या गाड्या भाज्यांच्या होत्या. गाजराची गाडी, मुळ्याची गाडी, कोबीची गाडी. बारकीने पहिल्याच दिवशी टोमॅटो पकडला. सावकाशने सगळ्या गाड्या नीट निरखल्या आणि वांगं घेतलं, कारण त्याच्या मते त्याची बैठक चांगली होती.

कीबोर्ड एकच. उजवीकडची बाणांची बटणं त्याची, डावीकडची अक्षरांची बटणं तिची. त्यामुळे ती कायम त्याच्या डाव्या हाताला बसायची, खांद्याला खांदा लावून. पडदाही वाटून घेतलेला होता. वरच्या अर्ध्या भागात तिचा टोमॅटो पळायचा, खालच्या अर्ध्यात त्याचं वांगं. रस्ता एका खेड्यातून जायचा. उजवीकडे खुराडी होती, तिथून कोंबड्या आडव्या यायच्या. डावीकडे तळं होतं, तिथून बदकं चालत रस्त्यावर यायची. धडक बसली तरी कुणी मरत नसे. पिसं उडायची, आणि ती कोंबडी किंवा ते बदक उडून थेट तुमच्या बॉनेटवर येऊन बसायचं, तुमच्याकडे तोंड करून. मग शर्यत संपेपर्यंत ते तुमची खरडपट्टी काढत राहायचं. जितकी बदकं बॉनेटवर, तितकी गाडी जड आणि हळू.

हरेल त्याने रात्रीची भांडी घासायची, हा घरचा नियम.

खऱ्या रस्त्यावर गोगलगायीशी स्पर्धा करणारा हा माणूस खेळात मात्र सुसाट सुटायचा. तरी एकाही पाखराला धक्का लावायचा नाही. कोंबडी येतेय हे त्याला ती यायच्या आधीच कळायचं. "रस्ता वाचायचा असतो बारके," असं वर शहाणपण शिकवायचा. एवढं करून, खेड्यातल्या बस थांब्यापाशी आला की त्याचं बोट आपोआप उचललं जायचं आणि वांगं हळू व्हायचं. त्या थांब्यावर नुसतं चित्रातलं एक बाकडं होतं, कुणी उभं नव्हतं. "अरे, कुणाला घेतोयस गाडीत?" बारकी हसून हसून बेजार व्हायची. तेवढ्यात टोमॅटो पुढे काढायची, आणि शर्यत जिथे संपायची त्या वेशीपाशी वांगं तिला परत गाठायचं. भांडी वर्षानुवर्षं तीच घासत आली. दिवसभर चादरी आणि संध्याकाळी भांडी, तरी ती कुरकुरायची नाही. त्या खेळात ती जेवढी हसायची तेवढी दिवसभरात दुसरीकडे कुठे हसत नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

मग तो हरायला लागला.

आधी कधीतरी, नंतर रोज. बदकं त्याच्या बॉनेटवर येऊन बसायला लागली. एक बसलं, दोन बसली, आणि पुढे पुढे तर शर्यत संपेपर्यंत वांग्यावर अशी दाटी व्हायची की खालचं वांगं दिसेना. बारकीला तर उकळ्या फुटल्या. "पुढे सरका, पुढे सरका! आत जागा आहे!" ती कंडक्टरसारखी ओरडायची. "दादा, तिकिटं काढलीत का यांची?" तो हसायचा आणि भांडी घासायला उठायचा. नळाखाली हात धरून उभा असताना मात्र त्याचं हसू उतरलेलं असायचं.

कारण बदकं फक्त खेळातच येत होती असं नाही.

गाडीच्या डाव्या अंगाने एक सायकलवाला एकदम समोर उगवला. एकदम म्हणजे, आधी नव्हताच आणि मग होता. सावकाशने ब्रेक दाबला, उभे प्रवासी एकमेकांवर पडले, आणि त्याच्या गाडीत अशी पडापड पहिल्यांदाच झाली. दुसऱ्या आठवड्यात थांब्यावर एक बाई चढत होती, एक पाय पायरीवर आणि एक खाली, आणि याने गाडी हलवली. कंडक्टरने पत्र्यावर हात आपटला म्हणून निभावलं. बाईने त्याला सगळ्यांदेखत झाडलं. त्याने मुकाट ऐकून घेतलं. गाडीचं दार डावीकडे, थांबे डावीकडे, चढणारी सगळी माणसं डावीकडूनच येणार, आणि त्याच बाजूला त्याच्या नजरेची कड कुणीतरी खोडरबराने पुसत आणल्यासारखी झाली होती.

त्याने त्याला थकवा हे नाव दिलं. थकवा हा शब्द फार सोयीचा असतो, त्याच्या पोटात काहीही मावतं. झोप पुरत नाही म्हणून थकवा, वय झालं म्हणून थकवा. डेपोत दरवर्षी डोळे तपासत, त्यातही तो पास झाला होता. तक्त्यावरची अगदी खालची ओळसुद्धा त्याने धडाधड वाचून दाखवली. तक्त्यावरची अक्षरं समोर टांगलेली असतात, ती तळ्यातून चालत येत नाहीत, हे त्याच्याही मनात आलं होतं. पण ते बोलायचं कुणापाशी? थकवा असेल तर रजा घेतली की उतरेल. डोळे गेले असतील तर बस गेली. आणि बस गेली तर आपण उरतो काय, या प्रश्नापाशी आला की तो विचार करणंच थांबवायचा आणि एका पायात बूट घालून भिंतीकडे बघत बसायचा.

इकडे बारकीला वेगळाच संशय. हा मुद्दाम हरतोय, आपली दया येऊन हरतोय, असं तिने धरलं. हाताला नवा डाग पडला होता, पाय सुजत होते, म्हणून दादाने न बोलता भांडी स्वतःकडे घेतली, असा तिचा हिशेब. कपाटाचा कप्पा न बोलता रिकामा करणारा माणूस असंच करणार, दुसरं काय! आधी तिला भरून आलं. मग राग आला. जिंकण्याची एवढी हौस फिटली ती सगळी भीक होती म्हणजे! आता दाखवतेच, असं तिने ठरवलं आणि एका संध्याकाळी आपणच हरायला सुरुवात केली.

ती शर्यत बघण्यासारखी झाली. टोमॅटो पहिल्याच वळणावर खुराड्यात घुसला. तिथून निघाला तो तळ्याला वळसा घालून उलटा फिरून आला. जी कोंबडी दिसेल तिला जाऊन धडक द्यायची. वांगं आपलं बदकांचा भार वाहत, धापा टाकत चाललेलं. शेवटी दोघं एकदमच वेशीपाशी पोचले, आणि वेशीवरची पाटी हातभरावर आली असताना बारकीने टोमॅटो थांबवला.

"जा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"काही नाही. तू जा पुढे."

"तू का थांबलीस?"

"माझी मर्जी. तू जिंक आणि विषय संपव. मला नको तुझी मेहेरबानी."

सावकाशला काही कळेना. त्यानेही वांगं थांबवलं. या खेळाची एक खोड होती, दोन्ही गाड्या वेशीतून आत गेल्याशिवाय शर्यत संपतच नसे आणि पिपाणी वाजत नसे. त्यामुळे पडद्याच्या दोन्ही भागांत गाड्या फुरफुरत उभ्या, बॉनेटवरची पाखरं एका सुरात शिव्या देतायत, आणि त्यांच्यासमोर बटणांवर बोटं ठेवून, डोक्यावरचे केस पिकलेले बहीण-भाऊ रुसून बसलेले.

"मेहेरबानी कसली?" तो म्हणाला. "मी काही मुद्दाम हरत नाही."

"खोटं बोलू नकोस. तू आणि बदकाला धडकणार?"

"धडकतो त्याला मी काय करू?"

ती त्याच्या बॉनेटकडे बोट दाखवून काहीतरी खमंग बोलणार होती. पण बोट तसंच राहिलं. तिच्या टोमॅटोवर सगळ्या कोंबड्याच होत्या, आणि त्या तिने ठरवून वेचून गोळा केल्या होत्या. दादाच्या वांग्यावर नुसती बदकं. खचाखच बदकं आणि कोंबडी एकही नाही. उजवीकडून आलेली प्रत्येक कोंबडी त्याने नेहमीसारखी अलगद चुकवली होती. मुद्दाम हरणारा माणूस अशी निवड कशाला करील?

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "माझा टोमॅटो कुठे आहे?"

"असेल मागे."

"तुझ्या शेजारी आहे. तुझ्या भागात बघ. डावीकडे, चिकटून."

त्याने मान वळवली तेव्हा त्याला तो दिसला. लालभडक, वांग्याहून मोठा.

"हो की," तो म्हणाला. "दमलोय गं आज."

बारकीने टोमॅटो तसाच सोडला, उठली, आणि पाळी कुणाची हे न बघता भांडी घासायला बसली. पडद्यावर पाखरं बराच वेळ ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी गाडीवर जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, तरी तो गेला. भाजीबाजाराच्या थांब्यावरून निघताना त्याने आरशात बघितलं, समोर बघितलं, आणि गाडी पुढे घेतली. तेवढ्यात मागून कंडक्टर अशा आवाजात ओरडला की अख्खी गाडी हादरली. या कंडक्टरला डेपोत भोंगा म्हणत, आणि ते नाव त्याने पुरेपूर सार्थ केलं होतं. गाडी थांबली. काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ डावीकडून गाडीच्या अगदी पुढ्यात आले होते. त्यांना काही लागलं नाही. काठी तेवढी पडली. ती त्यांनी हळूच वाकून उचलली, काचेतून आत बघितलं, आणि ड्रायव्हर ओळखीचा दिसला म्हणून हसून हात केला. याच्याच गाडीसाठी थांबणाऱ्यांतले होते ते.

उरलेली फेरी सावकाशने कशी पुरी केली ते त्याचं त्यालाच माहीत.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली तेव्हा भोंगा पुढे येऊन इंजिनाच्या झाकणावर बसला. इतक्या वर्षांची जोडी. एकमेकांच्या डब्यात जेवलेले, एकमेकांची खेकसणी सोसलेले.

"किती दिवस चाललंय हे?" भोंग्याने विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"कसलं?"

"मला नको शिकवूस. डावीकडचं तुला दिसत नाही."

सावकाशने स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"हे बघ," भोंगा म्हणाला, "निवृत्ती आता आली जवळ. तोंडातून ब्र काढू नकोस. मी आहे ना. मी पुढे दारात उभा राहीन आणि डावीकडचं सगळं सांगत जाईन. सायकल आली, सायकल. माणूस आलं, माणूस. माझा आवाज काय कमी आहे? एवढी वर्षं गेली, थोडी उरलीत, तीही काढू."

सावकाशचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी पाठीवरचं पोतं उतरवून घेतल्यासारखं झालं. उरलेल्या फेऱ्या तशाच झाल्या, भोंगा दारात, सावकाश चाकावर. "डावीकडे रिक्षा! थांब! जाऊ दे!" गाडी पुन्हा लोण्यासारखी चालली. तो घरी आला तेव्हा त्याने दोन्ही बूट काढले.

त्या संध्याकाळी बारकी आली ती चहा न घेता थेट कॉम्प्युटरपाशी बसली. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं.

"खेळायचं?" तिने विचारलं.

"दमली नाहीस?"

"दमले. बस."

तो उजवीकडे बसला, ती डावीकडे. हिरवा दिवा लागला, वांगं सुटलं. पहिल्या वळणाला तळं आलं, आणि त्याच्या डाव्या कानाशी ती म्हणाली, "बदक."

त्याने वांगं उजवीकडे काढलं. बदक हुकलं.

"अजून एक. मागून दोन. थांब, जाऊ दे. आता जा."

मग त्याला मजा वाटायला लागली. ती सांगत होती, तो चुकवत होता. उजवीकडच्या कोंबड्या त्याच्या, डावीकडची बदकं तिची. बॉनेट कोरं करकरीत. वांगं असं पळत सुटलं की जुने दिवस परत आले. मनातल्या मनात तो भोंग्याशी बोलत होता, बघितलंस, जमतंय की! जमतंय सगळं. कुणाला कळायचंही नाही. थांब्यापाशी त्याचं बोट सवयीने उचललं गेलं, तरी फरक पडला नाही. वेस आली, वांगं एकही पाखरू न घेता आत शिरलं, आणि त्याने टेबलावर थाप मारली.

"जिंकलो! बारके, भांडी तुझी!"

पिपाणी वाजली नाही. मग त्याने वरच्या अर्ध्या भागाकडे बघितलं.

टोमॅटो सुरुवातीच्या रेघेवर उभा होता. एक पाऊलसुद्धा पुढे सरकला नव्हता. हिरवा दिवा कधीचा लागून गेला होता. टोमॅटो पळतानाचा फुर्रर्र आवाज आपल्या कानावर पडत नव्हता, हेही सावकाशच्या ध्यानात आलं नव्हतं. बारकीचे दोन्ही हात मांडीवर होते.

"तू खेळलीच नाहीस?"

"तुझं बघत होते ना," ती म्हणाली. "दोन्ही नाही जमत रे, दादा."

तेवढंच ती बोलली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. उठली आणि हरली होती म्हणून भांड्यांकडे गेली.

सावकाश तसाच बसून राहिला. भोंगा आज दिवसभर दारात उभा होता, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं. मग मागचं दार कोण बघत होतं? कडेवर पोर घेऊन एक बाई मागे कुणाच्या तरी आधाराने उभी होती, तिला बसायला जागा कोण करून देत होतं? मागून कुणीतरी "अहो, थांबवा" म्हणाल्याचं त्याला आता आठवलं. भोंग्याने ते ऐकलंच नव्हतं. त्याची नजर सायकलींवर होती. कुणाचा तरी थांबा त्यात गेला. आज थांबा गेला.

त्याने कीबोर्ड जवळ ओढला आणि उठून बारकीच्या स्टुलावर बसला. अक्षरांची बटणं त्याच्या बोटांना परकी होती. टोमॅटो हलला. त्याने तो हळू घेतला, आपली खरी बस घ्यायचा तसा. रस्ता वाचायचा, तो नेहमी सांगायचा. त्याने डोळे ताणले, मान पुढे काढली, जीव गोळा करून डावीकडे लक्ष ठेवलं. पहिलं बदक पिसं उडवत बॉनेटवर येऊन बसलं. मग दुसरं बसलं. मागून बारकीची पावलं आली. ती ओल्या हातांनी त्याच्या मागे येऊन उभी राहिली. या वेळी मात्र ती एक अक्षर बोलली नाही. तिच्या हातातलं पाणी त्याच्या खांद्यावर टपकत होतं, आणि एकामागून एक बदक येऊन त्याच्या तोंडावर ओरडत होतं.

टोमॅटो रखडत रखडत वेशीत शिरला. पिपाणी वाजली.

"डावीकडची किती चुकवली मी?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

त्याने मान हलवली. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. आपला दादा रडू शकतो हे बारकीला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. "ते म्हातारे हसले गं माझ्याकडे बघून," तो म्हणत होता. "पुढ्यात आले होते, गाडीखाली गेले असते, आणि हसले. हात केला मला." तिने ओला हात तसाच त्याच्या डोक्यावर ठेवला. तिलाही रडू येत होतं, पण एका वेळी एकानेच रडलेलं बरं, म्हणून ती थांबली.

"उद्या गाडी नेणार नाही," थोड्या वेळाने तो म्हणाला. "डेपोत साहेबांना सांगून टाकतो. भोंगा भडकेल."

"भडकू दे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी येते. चादरी कुठे पळून जात नाहीत."

"मग मी करू काय, बारके? मला दुसरं येतं काय?"



दुसऱ्या दिवशी दोघं डेपोत गेले. साहेबांच्या खिडकीपाशी बोलणं झालं. सावकाशने खिशातून डेपोतल्या आपल्या कपाटाची किल्ली, बिल्ला आणि गाडीतला आपला पुसायचा फडका एवढं काढून ठेवलं. फडका साहेबांनी परत दिला. भोंगा भडकला नाही. लांबून बघत उभा राहिला आणि मग पाठ फिरवून त्याने एवढ्या जोरात नाक शिंकरलं की चार ड्रायव्हर वळून बघायला लागले.

डॉक्टरांनी सांगितलं ते सावकाशला आधीच कळून चुकलं होतं. काचबिंदू. गेलं ते परत यायचं नाही, राहिलेलं राखता येईल. रोज थेंब घालायचे, न चुकता. गाडी चालवायची नाही. निघताना डॉक्टरांनी विचारलं, लक्षात कसं आलं हे? कडेची नजर जाते ती माणसाला बहुतेक कळतच नाही.

"बदकांमुळे," बारकी म्हणाली. डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही.

परत जायला ते बसमध्ये चढले. ड्रायव्हर नवा होता, तडफदार. गाडी अशी सुटली की सावकाश दांड्याला लटकला. त्याने ड्रायव्हरला काही सुनवायला तोंड उघडलं आणि मिटलं. बारकी त्याच्या डाव्या हाताला उभी होती.

थांबा आला तेव्हा ती म्हणाली, "पायरी."

"दिसते मला पायरी," तो खेकसला. मग पायाने चाचपून खाली उतरला.

घरी आल्यावर त्याने दोन्ही बूट काढून जागेवर ठेवले. रात्री अर्धवट टाकलेली भांडी तशीच पडलेली होती. कालची शर्यत कोण हरलं यावर दोघांचं थोडं वाजलं. ती म्हणाली, मी हरले, माझा टोमॅटो रेघेवरून हललाच नव्हता. तो म्हणाला, तुझा टोमॅटो मी चालवत आणला आणि माझ्याच अंगावर सगळी बदकं आहेत. शेवटी त्याने बाह्या वर केल्या आणि नळ सोडला.

"तू बस," तो म्हणाला. "मला आता वेळच वेळ आहे."